जुने इंजिन, नवे तेल आणि मिस्त्रीची इमानदारी

जुन्या गाडीत महागाचे सिंथेटिक तेल घातले आणि आठ-पंधरा दिवसांत इंजिन गळू लागले, ही तक्रार आता शहरापुरती राहिलेली नाही. जालना, सिंदखेडराजा, दुसरबीड, मेहकर या रस्त्यावरच्या कोणत्याही गॅरेजात घटकाभर बसा, ती कानावर येईल. गाडीमालक म्हणतो, मिस्त्रीने हात लावला आणि गाडी बिघडली. मिस्त्री म्हणतो, तेलच खराब आहे. दुकानदार म्हणतो, डबा सीलबंद होता, आमचा संबंध नाही. तिघांच्या या भांडणात शेवटी नुकसान सोसतो तो मिस्त्री. कारण गाडी त्याच्या दारात उभी असते आणि नाव त्याचे खराब होते.

हा प्रश्न आमच्या समाजासाठी लहान नाही. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात मुसलमानांच्या रोजीचे जे धंदे ठळकपणे नोंदवले, त्यांत वाहनदुरुस्तीचा धंदा होता. आपल्या भागात तर हे सांगायला अहवालाची गरज नाही. मिस्त्री, टिंकर, वेल्डर, पेंटर, सीट शिवणारे, सुटे भाग विकणारे अशी किती घरे या एका धंद्यावर उभी आहेत, ते आपण रोज पाहतो. या धंद्याचे खरे भांडवल म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास. तो चार लिटर तेलापायी जात असेल तर त्याबद्दल बोललेच पाहिजे.

जुन्या गाड्या अजून आहेत

कोणी म्हणेल, जुन्या गाड्या राहिल्यात कुठे? अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. मुंबईत प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. हे खरे आहे. पण टॅक्सीचा परवाना संपला म्हणून घरची गाडी संपत नाही. आजोबांची फियाट, लग्नाच्या वरातीसाठी सजवून ठेवलेली अॅम्बेसेडर, शेतावर जाणारी महिंद्राची जीप, सैलानी बाबांच्या यात्रेला माणसे भरून जाणारी जुनी गाडी, आणि बी-२७५ किंवा मॅसीचा म्हातारा ट्रॅक्टर ही आपल्या तालुक्यातली खरी गिऱ्हाइके आहेत. या गाड्या कंपनीच्या चकचकीत वर्कशॉपमध्ये जात नाहीत, तिथे त्यांचे भाग मिळत नाहीत आणि त्या जाणणारा माणूसही मिळत नाही. त्या आपल्याच मिस्त्रीकडे येतात.

मग या गाड्यांत सिंथेटिक तेल आले कसे? एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या. त्यांना पातळ आणि विशिष्ट दर्जाचे तेल लागते. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि नव्या गाड्यांची वर्दळ आपल्या जिल्ह्यातून वाढली. दुकानदाराने मागणी पाहून ५डब्ल्यू-३० आणि ०डब्ल्यू-२० चे डबे पुढच्या फळीवर मांडले आणि जुने २०डब्ल्यू-५० मागे गेले. त्यात भर पडली जाहिरातींची. जे महाग ते चांगले, असा समज करून हौशी मालक आपल्या चाळीस वर्षांच्या गाडीला प्रेमाने सिंथेटिक पाजतो. मिस्त्रीही नाही म्हणत नाही. गळतीला सुरुवात होते ती इथून.

गळती का लागते

याची कारणे नीट समजून घेतली तर निम्मे भांडण आपोआप मिटेल. कारणे मुख्यतः चार आहेत.

पहिले कारण सील आणि पॅकिंग. जुन्या इंजिनात नायट्राइल रबराची सीले, कॉर्कची पॅकिंगे आणि काही ठिकाणी चक्क दोरीचे सील असते. जुन्या विलीज वंशाच्या पेट्रोल जीपमध्ये क्रँकच्या मागच्या बाजूला दोरीच वापरलेली होती. साध्या खनिज तेलात काही घटक असे असतात की ते रबरात थोडे मुरतात आणि रबर किंचित फुगते. आपल्या बापजाद्यांनी विहिरीवरची मोट पाहिली आहे. कातडे सुकले की मोट गळते, पाण्यात भिजली की फुगून शिवण बंद होते. भिश्त्याच्या पखालीचेही तेच. जुने सील नेमके असेच टिकून असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक झालेले असते आणि खनिज तेलाने आलेल्या फुगवट्यावर कसेबसे तोंड मिटून बसलेले असते.

१९७० च्या दशकात सिंथेटिक तेल मोटारींसाठी बाजारात आले. त्याचा मुख्य घटक पॉलिअल्फाओलेफिन, म्हणजे पीएओ. तो रबर फुगवत नाही, उलट रबर थोडे आकसते. त्यामुळे सुरुवातीच्या त्या तेलांनी गाड्या गळवल्या आणि सिंथेटिकची बदनामी झाली. पुढे कंपन्यांनी त्यात एस्टर आणि सील फुगवणारी द्रव्ये मिसळून हा दोष बराच काढून टाकला. आज सिंथेटिक म्हणून विकले जाणारे पुष्कळसे तेल तर खनिज तेलावरच हायड्रोजनची भारी प्रक्रिया करून तयार केलेले असते. म्हणून आजचे चांगले तेल चांगले सील बिघडवते, हे म्हणणे बरोबर नाही. मात्र मुळातच कडक होऊन तडकलेल्या सीलाला कोणतेही तेल नवे करू शकत नाही.

दुसरे कारण मळी. जुन्या इंजिनात वर्षांनुवर्षांचा काळा थर बसलेला असतो. हा थर पॅकिंगच्या फटीत आणि सीलाच्या ओठावर बसून बूच मारल्यासारखे काम करतो. नव्या दर्जाच्या तेलात मळ धुऊन काढणारी द्रव्ये जास्त असतात. तेल आपले काम इमानाने करते, मळ धुते, आणि मळाखाली झाकलेली फट उघडी पडते. गळती तेलाने निर्माण केलेली नसते, आधीपासूनच असलेली गळती तेलाने दाखवलेली असते.

तिसरे कारण पातळपणा, आणि आमच्या मते आपल्या भागात हेच सर्वांत मोठे आहे. डब्यावरच्या आकड्यांकडे आपण नीट पाहत नाही. इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला, ५० नंबरच्या तेलाचा दाटपणा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स असतो. ३० नंबरचा ९.३ ते १२.५ एवढाच. म्हणजे २०डब्ल्यू-५० काढून ५डब्ल्यू-३० घातले की गरम इंजिनात तेल जवळजवळ निम्मे पातळ होते. ज्या फटीतून दाट तेल सरकत नव्हते तिथून पातळ तेल सहज वाट काढणार. यात सिंथेटिक की खनिज हा प्रश्नच नाही. तेवढ्या पातळ खनिज तेलानेही तेच झाले असते.

चौथे कारण ब्रीदर. रिंगा झिजल्या की पिस्टनवरचे कॉम्प्रेशन खाली चेंबरमध्ये उतरते. ब्रीदरची नळी चोंदलेली असेल तर तो दाब बाहेर पडत नाही आणि तेलाला सीलातून बाहेर ढकलतो. पुष्कळदा सील बदलूनही गळती राहते ती यामुळेच. नळी साफ करायला पाच मिनिटे लागतात, पण तिकडे लक्ष कोण देतो?

याशिवाय एक गोष्ट जुन्या उस्तादांना माहीत आहे, नव्या मुलांना नाही. मॉरिस वंशाच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतेच. तिथे चूड कोरलेली असे. क्रँक फिरला की ती चूड तेल मागे ओढून चेंबरमध्ये टाकते. इंजिन बंद असताना तिथे तेल अडवणारे काही नाही. अशा इंजिनाखाली रात्रीतून दोन-चार थेंब पडणे हा बिघाड नसून त्याची घडणच तशी आहे. त्यात पातळ तेल घातले तर थेंबांची धार होणार, हे सांगायला इंजिनिअरची गरज नाही.

मग सिंथेटिक घ्यावे का

सिंथेटिक तेल वाईट आहे, अशी ओरड आम्ही करणार नाही. ते जास्त उष्णता सोसते, लवकर बिघडत नाही, थंडीत गोठत नाही आणि नव्या इंजिनाला ते लागतेच. आमचा प्रश्न वेगळा आहे. जुन्या गाडीवाला ज्या गुणांचे जास्तीचे पैसे मोजतो, ते गुण त्याच्या उपयोगी पडतात का?

२०डब्ल्यू मधील डब्ल्यू हा अक्षर-आकडा थंडीतल्या चालूपणाचा आहे. २०डब्ल्यू तेलाची चाचणी उणे १५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. दुसरबीडला थंडी कितीही कडाक्याची पडली तरी पाणी गोठत नाही. तेव्हा काश्मीरच्या थंडीचे पैसे सिंदखेडराजा तालुक्यात मोजण्यात काय शहाणपण? दुसरा गुण म्हणजे तेल जास्त किलोमीटर चालते. पण कार्बोरेटरच्या गाडीत कच्चे पेट्रोल तेलात उतरते, रिंगांवरून काजळी येते. असे तेल कितीही भारी असले तरी वेळेवर काढावेच लागते. जी गाडी वर्षभरात दोन लग्ने आणि एक यात्रा करते, तिचे तेल तर किलोमीटर न पाहता वर्ष पाहून बदलले पाहिजे. म्हणजे हाही फायदा गेला.

एक धोका मात्र लक्षात घ्यावा. जुन्या इंजिनात कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासत चालतात. त्यांना जस्त आणि फॉस्फरसच्या द्रव्याचा आधार लागतो. नव्या गाडीच्या धुरांड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ पेट्रोल-तेलांत फॉस्फरसवर मर्यादा घातलेली आहे. २०डब्ल्यू-५० सारख्या दाट तेलांना ती मर्यादा सहसा लागू नसते. म्हणजे पातळ तेलाने गळती तर होईलच, शिवाय आतला कॅमही झिजू शकतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे. न उघडलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनात चांगल्या कंपनीचे २०डब्ल्यू-५० खनिज तेल घालावे आणि वेळेवर बदलावे. जुन्या डिझेल जीपला आणि ट्रॅक्टरला पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचे डिझेल इंजिनाचेच तेल घालावे, पेट्रोलचे नव्हे. इंजिन पूर्ण उघडून, घासकाम करून, नवी सीले बसवली असतील आणि मालकाची ऐपत असेल तर सिंथेटिक खुशाल घालावे, पण तेही दाट नंबरचे.

गळती लागलीच तर

पहिले काम तेलाची पट्टी पाहणे. तेल जास्त भरले असेल तरी गळते. आणि कमी होत असेल तर बेअरिंग जाऊन इंजिन जाम होईल, हे मालकाला त्याच दिवशी सांगावे. दुसरे काम इंजिन धुऊन, पुसून, त्यावर खडूची पूड मारून गळतीची जागा शोधणे. तेल टॅपेट कव्हरमधून येते आणि खाली चेंबरवर दिसते, म्हणून खालून पाहून निदान करू नये. तिसरे, ब्रीदर साफ करावा. चौथे, कव्हरचे नट सारखे आवळावेत. जोर लावून आवळले की कॉर्क चेपते आणि पत्रा वाकतो, मग गळती कायमची होते. पाचवे, पूर्वीचे दाट तेल परत घालून पाहावे. एकदा सिंथेटिक घातले की परत येता येत नाही, हा समज खोटा आहे. मात्र धुऊन गेलेला मळ लगेच परत येत नाही. त्यामुळे गळती कमी होईल, पण थांबेलच अशी हमी देऊ नये.

मागच्या सीलातून तेल क्लच प्लेटवर जात असेल तर टाळाटाळ नको. गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. एकदा उतरवला की सील आणि क्लच दोन्ही पाहून घ्यावे, म्हणजे मालकाला मजुरी दोनदा पडत नाही.

आणि कृपा करून इंजिन तेलात ब्रेक ऑइल ओतण्याचा जुगाड बंद करा. त्याने सील फुगते आणि चार दिवस गळती थांबते, पण तेलाचा गुण जातो आणि पुढे सीलही लिबलिबीत होऊन फाटते. गाडी विकायच्या आधी असे करणे तर उघड धोकेबाजी आहे.

व्यवहार साफ ठेवा

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. तेलाचे शास्त्र समजणे सोपे आहे. नियत साफ ठेवणे कठीण. तेलाच्या डब्यात मिस्त्रीसाठी कूपन येते, हे सर्वांना ठाऊक आहे. महागड्या डब्यात ते मोठे असते. गिऱ्हाईक विचारतो, उस्ताद, कोणते तेल घालू? त्या क्षणी मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर गाडी असते की कूपन, यावर सारे ठरते. मेहनतीची मजुरी घेणे, मालावर नफा घेणे यात काही वावगे नाही. पण सल्ला मागायला आलेल्या माणसाला आपल्या फायद्याचा माल त्याच्या फायद्याचा म्हणून देणे, याला व्यापार म्हणत नाहीत. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, ती हदीस आपण जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकली आहे. ओले धान्य वर ठेवा, म्हणजे घेणाऱ्याला दिसेल, हा त्यातला धडा. आपल्या धंद्यात ओले धान्य वर ठेवणे म्हणजे काय? तेल बदलण्याच्या आधी सांगणे की भाऊ, तुमची सीले जुनी आहेत, हे तेल घातले तर गळती दिसू शकते, आणि तुमच्या गाडीला याची गरजही नाही.

आधी सांगितले तर ती माहिती ठरते. नंतर तेच सांगितले तर लोक त्याला बहाणा म्हणतात. एवढाच फरक आहे, आणि याच फरकावर गॅरेजचे नाव टिकते किंवा जाते.

आमची सूचना साधी आहे. गाडी घेताना एक चिठ्ठी करावी. किलोमीटर किती, आधी कोणते तेल होते, आता कोणते घातले, डब्यावरचा नंबर कोणता, आधीपासून कुठे गळत होते, हे चार ओळींत लिहून मालकाची सही घ्यावी आणि एक प्रत त्याला द्यावी. देण्याघेण्याचा करार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरहमध्ये आहे. ती आपण शेतीच्या सौद्यात पाळतो, मग गॅरेजात का पाळू नये? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाल्यापासून सेवेतील कसुरीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाणे सोपे झाले आहे. उद्या कोणी तसे गेलेच तर हीच चिठ्ठी मिस्त्रीच्या बाजूने बोलेल. आणि चूक खरोखर आपली असेल, नट सैल राहिला असेल, पॅकिंग वाकडे बसले असेल, तर मजुरी न घेता काम करून द्यावे. गाडी आपल्याकडे अमानत असते.

दुकानदार बंधूंनीही हात झटकू नयेत. गिऱ्हाइकाला गाडी कोणती आणि किती जुनी, एवढे दोन प्रश्न विचारून डबा द्यावा. २०डब्ल्यू-५० ला उठाव कमी म्हणून ते ठेवायचेच नाही आणि आहे ते पातळ तेल चालते म्हणून गळ्यात मारायचे, हा प्रकार थांबला पाहिजे. सीलांच्या बाबतीतही तेच. डुप्लिकेट सीलात चार पैसे सुटतात, पण ते बसवण्यासाठी मिस्त्रीने दिवसभर गिअरबॉक्स उतरवलेला असतो. सील महिन्यात गेले तर त्याच्या मजुरीची भरपाई दुकानदार देतो का?

गाडीमालकांनाही एक शब्द सांगतो. पंधरा वर्षांवरील गाडीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. त्यामुळे जुनी गाडी ठेवणे आता हौसेबरोबर खर्चाचेही झाले आहे. तो खर्च योग्य जागी करा. भारी तेलाचे जे जास्तीचे पैसे आहेत ते नव्या सीलांवर आणि चांगल्या मजुरीवर घाला. गाडी जास्त जगेल.

हुन्नर वाचवा

शेवटी एक चिंता बोलून दाखवतो. दोरीचे सील कसे ठोकून बसवावे, कॉर्क कापून पॅकिंग कसे करावे, चुडीच्या इंजिनात तेल किती भरावे, हे ज्ञान आज साठी-सत्तरीच्या उस्तादांच्या हातात आहे. ते कुठल्या पुस्तकात मराठीत लिहिलेले नाही. उस्ताद गेले की त्यांच्याबरोबर ते जाईल. शागीर्द मुले मोबाईलवर दुसऱ्या देशातल्या गाड्यांचे इलाज पाहतात आणि ते आपल्या जीपवर करून बघतात. आयटीआयला गेलेल्या मुलाने उस्तादाजवळ बसावे, विचारावे, वहीत लिहून ठेवावे. उस्तादांनीही शिकवताना हात आखडू नये. इल्म वाटल्याने कमी होत नाही.

महामार्गावरून नव्या गाड्या भरधाव निघून जातात. त्यांचे काम आपल्याकडे येईल न येईल. पण जुनी गाडी घेऊन जो माणूस तालुक्यातून आपल्या दारात येतो, तो दुसऱ्यांचे दार टाळून आलेला असतो. त्याला खरे सांगा, योग्य तेल घाला, लिहून द्या आणि मजुरी हक्काने घ्या. बरकत देणारा अल्लाह आहे.